राईनपाड्यानंतरची तासिका

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडे बाजार भरला होता. एसटीतून उतरलेल्या पाच अनोळखी माणसांपैकी एकजण एका लहान मुलीशी बोलला, एवढं निमित्त पुरलं. ही माणसं मंगळवेढ्याकडची, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची. पिढ्यानपिढ्या भिक्षा मागत गावोगाव फिरणारी. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मजकूर आणि क्लिपा त्याआधीच त्या भागातल्या फोनांवर फिरत होत्या. जमावाने पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं आणि पाचही जण मेले. मारणाऱ्यांच्या भोवती फोन उंच धरून चित्रीकरण करणारेही होते. ज्या वाटेने अफवा आली, त्याच वाटेने मग ते चित्रीकरणही फिरलं. त्याच दिवशी शेजारच्या मालेगावात अशाच संशयावरून जमावाच्या तावडीत सापडलेल्या पाच जणांना पोलिसांनी कसंबसं बाहेर काढलं. त्यात दोन वर्षांचं एक मूल होतं.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या क्लिपांपैकी सर्वांत गाजलेली क्लिप मुळात कराचीची होती. लहान मुलांच्या सुरक्षिततेबद्दल लोकांना सावध करण्यासाठी बनवलेली ती जाहिरातवजा फिल्म. मोटरसायकलवरून आलेले दोघे मूल उचलून नेतात आणि लगेच परत आणून सोडतात, पाटी दाखवतात. परत आणून सोडण्याचा भाग कुणीतरी कापला. उरलेले काही सेकंद भारतभर माणसांच्या जिवावर उठले.

राईनपाड्यानंतर हालचाल झाली, पण ती कुठे झाली ते पाहण्यासारखं आहे. केंद्र सरकारने दोन दिवसांत व्हॉट्सॲपला खडसावलं. १० जुलैला कंपनीने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या, त्याच सुमारास पुढे ढकललेल्या मजकुरावर ‘फॉरवर्डेड’ असा शिक्का दिसू लागला, आणि २० जुलैच्या सुमारास भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मजकूर पाठवण्याची मर्यादा जाहीर झाली. ती पुढे, जानेवारी २०१९ मध्ये, साऱ्या जगाला लागू झाली. म्हणजे आज जगातला कुठलाही माणूस एखादा संदेश सहाव्या ठिकाणी ढकलायला जातो आणि अडतो, त्यामागे २०१८ चे ते भारतातले बळी आहेत, आणि त्यांत राईनपाड्याचे पाच आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलैला तहसीन पूनावाला खटल्यात झुंडबळी रोखण्यासाठी राज्यांना सविस्तर निर्देश दिले. पोलीस, न्यायालय, कंपनी, मंत्रालय, सगळ्यांनी आपापल्या परीने काहीतरी केलं. राज्यातल्या शाळांच्या वेळापत्रकात मात्र फोन कसा वापरायचा आणि त्यावर आलेलं कसं पारखायचं, या विषयाची स्वतंत्र तासिका आजही नाही.

आता कुणी म्हणेल, जमाव मोठ्या माणसांचा होता, त्यात शाळेचा काय संबंध? संबंध सरळ आहे. तेव्हा चौथीत असलेलं मूल आज मतदार होण्याच्या वयात आहे आणि त्याच्या खिशात स्वतःचा फोन आहे. दरम्यानच्या काळात त्याला या बाबतीत काय शिकवलं गेलं, हा या लेखाचा प्रश्न.

तंत्रज्ञान शाळेत आणण्यात धुळे जिल्हा मागे नव्हता. उलट पुढे होता. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात पाष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड या शिक्षकाने डिजिटल वर्ग उभा केला आणि राज्यभर त्याची हवा झाली. धुळ्याचेच, पण न्यूयॉर्कमध्ये नोकरी करणारे हर्षल विभांडिक यांनी ही गोष्ट आपल्या जिल्ह्यात मनावर घेतली. गावोगाव प्रेरणा सभा घ्यायच्या, गावकऱ्यांना वर्गणी काढायला लावायची, स्वतःची भर घालायची आणि शाळेत प्रोजेक्टर, संगणक, फळा बसवायचा. हा क्रम त्यांनी इतका लावून धरला की २०१७ च्या सुमारास जिल्ह्यातल्या अकराशेच्या आसपास जिल्हा परिषद शाळा डिजिटल झाल्या आणि ‘पहिला डिजिटल जिल्हा’ म्हणून धुळ्याचं नाव झालं. शेतमजूर बायांनीसुद्धा शाळेसाठी पैसे दिले. त्याआधी २२ जून २०१५ चा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा शासन निर्णय आला होता, ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा नवा मानाचा शब्द झाला होता, आणि शिक्षक रात्री जागून पीपीटी, ॲप, ब्लॉग बनवत होते. या उत्साहाची टिंगल करणाऱ्यांतला मी नाही. पटसंख्या गळत चाललेल्या शाळेत गावाला पुन्हा ओढून आणण्याचं काम त्या प्रोजेक्टरने खरंच केलं.

पण प्रोजेक्टर हे दाखवण्याचं यंत्र आहे. मूल समोर बसतं, चित्र पाहतं, कविता ऐकतं. त्यात त्याला काही लिहून जगापुढे टाकावं लागत नाही, कुणाचं आलेलं पुढे पाठवावं लागत नाही, पासवर्ड जपावा लागत नाही, अनोळखी माणसाच्या विनंतीला हो-नाही म्हणावं लागत नाही. हे सगळं त्याच वर्षांत शाळेच्या भिंतीबाहेर आलं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा जवळजवळ फुकट झाला, आणि ज्या पाड्यावर वर्तमानपत्र कधी नियमित पोचलं नव्हतं तिथे चित्रफिती पोचल्या. शाळेतला पडदा आणि घरातला पडदा यांची गाठ कुणी घातली नाही.

गाठ पडली ती मार्च २०२० नंतर, आणि तीही नाइलाजाने. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ म्हणत राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेने रोजचा अभ्यास व्हॉट्सॲपवरून पाठवायला सुरुवात केली. ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांच्यासाठी सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ आली. पण जिथे फोन होता, तिथे तो मुलाच्या हातात देण्याचा आदेश खुद्द शाळेने दिला. वर्गाचा गट झाला, गटात मुलं आली, मुलांनी आपले वेगळे गट काढले. पुढे शाळा उघडल्या आणि पालकसभेत तेच शिक्षक सांगू लागले, मुलांना मोबाईल देऊ नका. दोन्ही सल्ले आपापल्या वेळी बरोबर असतील. मधली पायरी राहिली, ती म्हणजे हातात दिलेली वस्तू वापरायला शिकवणं.

‘असर’च्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांची पाहणी आहे. सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन, ८२.२ टक्के मुलांना तो वापरता येतो. आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरला असं सांगणारी ५७ टक्के, समाजमाध्यमासाठी वापरला असं सांगणारी ७६ टक्के. समाजमाध्यम वापरणाऱ्यांपैकी एखाद्याला ब्लॉक किंवा रिपोर्ट कसं करायचं हे ६२ टक्के मुलांना ठाऊक, प्रोफाइल खाजगी कसं करायचं हे ५५.२ टक्क्यांना, पासवर्ड कसा बदलायचा हे ५७.७ टक्क्यांना. हे आकडे देशाचे आहेत, खान्देशचे वेगळे आकडे इथे नाहीत. अनेकांनी ते ‘मुलं बरीच हुशार आहेत’ म्हणून वाचले. मला त्यातली उरलेली चाळीसेक टक्के दिसतात, जी समाजमाध्यमावर आहेत आणि दार बंद करायची कडी कुठे आहे हे ज्यांना माहीत नाही. शिवाय या तिन्ही गोष्टी आपल्यापुरत्या आहेत. आलेला मजकूर खरा की खोटा हे कसं पाहायचं, हा प्रश्न त्यांत येत नाही.

पाठ्यपुस्तकांत काहीच नाही असं मात्र नाही, आणि इथे विषय रंगतदार होतो. बालभारतीच्या नववीच्या विज्ञानात माहिती संप्रेषण तंत्रज्ञानाचं प्रकरण आहे. त्याचा बराचसा जीव वर्ड आणि एक्सेलमध्ये अडकलेला आहे. दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात ‘सामाजिक आरोग्य’ हा पाठ आहे, आणि त्यात ताणतणाव, व्यसनं यांच्या रांगेत मोबाईलचा अतिवापर आणि सायबर गुन्हे येतात. रांग पाहिली की दृष्टिकोन कळतो. फोन हा तंबाखूचा धाकटा भाऊ. अकरावीच्या माहिती तंत्रज्ञानाच्या पुस्तकात सायबर कायद्याचं प्रकरण आहे, पण तो विषय घेणाऱ्यांपुरतं.

खरा ऐवज आहे तो जिथे कुणी शोधत नाही तिथे, दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात. ‘प्रसारमाध्यमे आणि इतिहास’ या पाठात माध्यमांतून आलेल्या माहितीचं चिकित्सक आकलन का करावं लागतं हे सांगितलंय, आणि उदाहरण दिलंय ‘स्टर्न’ या जर्मन साप्ताहिकाचं. हिटलरच्या हस्ताक्षरातल्या म्हणून त्यांनी मोठी किंमत मोजून दैनंदिनी घेतल्या, १९८३ मध्ये छापायला सुरुवात केली आणि त्या बनावट निघाल्या. पंधरा वर्षांच्या मुलासाठी याहून चांगली गोष्ट मिळणार नाही: मोठ्या नावाचं साप्ताहिक, तज्ज्ञांची हमी, आणि तरी फसगत. आता वर्गात याचं काय होतं? ‘कोणत्याही माहितीचे चिकित्सक आकलन करावे लागते, सकारण स्पष्ट करा’ असा प्रश्न होतो, गाइडमध्ये त्याचं चार मुद्द्यांचं उत्तर असतं, मुलं ते पाठ करतात आणि गुण मिळवतात. चिकित्सा करावी लागते हे विधान चिकित्सेविना पाठ होतं. त्याच संध्याकाळी त्याच मुलाच्या फोनवर, रात्री बारानंतर वैश्विक किरण येणार असल्याने फोन बंद ठेवा, असा मजकूर येतो आणि तो दहा जणांना जातो.

याच पुस्तकात, आधीच्या एका पाठात, वि. का. राजवाडे आहेत. राजवाड्यांचा शेवट धुळ्यात झाला, ३१ डिसेंबर १९२६ रोजी. त्यांची दप्तरं सांभाळणारं राजवाडे संशोधन मंडळ शहरात आजही उभं आहे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि पुढे बावीस झाले. त्या साऱ्या खटाटोपाचं मूळ एका हट्टात होतं: बखर काय सांगते ते नंतर, त्या वेळचा कागद काय सांगतो ते आधी. पानिपतावर कोण काय बोललं हे दोन पिढ्यांनंतर रंगवून लिहिणाऱ्यावर विश्वास ठेवायचा की मोहिमेतून निघालेल्या पत्रावर? पत्र कुणाचं, कुणाला, कोणत्या तिथीचं, अस्सल की नक्कल? हेच प्रश्न कराचीच्या क्लिपेला विचारायचे होते. ही क्लिप कुणी काढली, कुठली, केव्हाची, अख्खी आहे की कापलेली? या शिक्षणासाठी नावाजलेल्या फिनलंडला जायची गरज धुळ्याच्या शाळेला नाही; रिक्षाने राजवाडे मंडळात गेलं तरी भागेल. दहावीच्या वर्गाला तिथले कागद दाखवायचे, नक्कल आणि अस्सल यांतला फरक हाताने चाचपू द्यायचा, आणि मग फोनवरचा एक मजकूर तशाच पद्धतीने उलटापालटा करायला लावायचा. इतिहास आणि हा विषय एकाच तासाला शिकवून होतो.

अमळनेरलाही या कामाचा वारसा आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि वसतिगृह सांभाळत होते. मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. पुढे १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ मासिक काढलं. जगात काय चाललंय ते मुलांपुढे रोज मांडायचं, आणि मांडणारा माणूस मुलांच्या ओळखीचा, चुकलं तर त्याला जाब विचारता येईल असा. आजच्या शाळेला हे सहज जमण्यासारखं आहे, कारण मुलं वाचण्याइतकीच बनवण्यातही गुंतलेली आहेत. खान्देशचंच पाहा. यूट्यूबवर ‘खान्देशी मुव्हीज’ आणि छोटूदादाच्या विनोदी फिल्मांनी मालेगावचं नाव देशभर नेलं, आणि पुस्तकांत फारशी जागा न मिळालेल्या अहिराणीतलं ‘हाई झुमकावाली पोर’ हे गाणं त्या बोलीचा गंध नसलेल्यांनीही गुणगुणलं. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत उभा राहून रील काढणाऱ्या पोराला ‘रील वाईट’ असं सांगणं फुकट आहे. त्याला हे सांगता येईल की मागे दिसणाऱ्या मजूर बाईला विचारलंस का, गाणं कुणाचं आहे ते लिहिलंस का, खाली आलेल्या शिवीला काय उत्तर देणार. त्याला हे पटतं, कारण प्रश्न त्याच्या कामाचे आहेत.

सध्या शाळेत या विषयाच्या नावाने प्रत्यक्ष घडतं ते मुख्यतः पोलिसांचं व्याख्यान. जळगाव आणि धुळे दोन्ही जिल्ह्यांत सायबर पोलीस ठाणी आहेत. तिथले अधिकारी शाळेत येतात. ओटीपी सांगू नका, अनोळखी लिंक दाबू नका, फसवणूक झाली तर १९३० ला लगेच फोन करा, मुलांवर अत्याचार होत असेल तर १०९८, असं सांगतात. पुण्याच्या क्विक हील फाउंडेशनसारख्या संस्था महाविद्यालयीन मुलांना तयार करून शाळांत पाठवतात, ते सादरीकरण आणि पथनाट्य करतात. हे उपयोगी आहे. १९३० वर पहिल्या तासाभरात तक्रार गेली तर पैसे मधल्याच खात्यात गोठवता येतात, आणि पुष्कळदा घरात ही माहिती पहिल्यांदा नेणारं माणूस आठवीतलं मूल असतं. तरी त्या व्याख्यानात मुलाच्या वाट्याला दोनच भूमिका येतात: उद्याचा फसलेला किंवा उद्याचा आरोपी. राईनपाड्याला तिसऱ्याची गरज होती. गटात मजकूर आल्यावर ‘हे खोटं आहे, पाठवू नका’ असं लिहिणारा, आणि बाजारात ‘आधी पोलीसपाटलाला बोलवा’ म्हणणारा. तो तयार करणं खाकी गणवेशाला जमण्यासारखं नाही, ते काम वर्गशिक्षकाचं.

भीतीवर उभ्या केलेल्या शिकवणीचा आणखी एक तोटा होतो: बोलण्याच्या हक्काची गोष्ट मुलांपर्यंत पोचतच नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली. एकीने ती लिहिली होती, दुसरीने फक्त पसंतीची खूण केली होती. तो प्रकार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २४ मार्च २०१५ ला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ घटनाबाह्य ठरलं. महाराष्ट्रातल्या दोन मुलींच्या अटकेतून निघालेला हा निकाल आपल्या शाळेत कुणी सांगतं का? त्याच्या शेजारी जून २०२३ चं कोल्हापूर ठेवावं. तिथे मोबाईलवरच्या स्टेटसवरून दंगल पेटली, आणि ज्यांच्या स्टेटसवरून पेटली त्यांत अल्पवयीन मुलं होती. बोलण्याचा हक्क आणि बोलण्याचा परिणाम ही दोन्ही प्रकरणं एका तासात शेजारी मांडली, तर नागरिकशास्त्र पहिल्यांदाच मुलांच्या अंगाला लागेल.

मुलींचा प्रश्न वेगळा लिहायला हवा. ‘असर’च्याच पाहणीत फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ३६.२ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन आहे, मुलींमध्ये हे प्रमाण २६.९. खान्देशातल्या कुठल्याही शिक्षिकेला विचारा, ती पुढचं सांगेल: मुलीला कुणी घाणेरडा संदेश पाठवला आणि तिने घरी सांगितलं, की पहिला निर्णय तिचा फोन काढून घेण्याचा होतो, दुसरा कधीकधी शाळा बंद करण्याचा. म्हणून मुली सांगत नाहीत, आणि त्रास देणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. फोटो बदलून धमकी देणाऱ्याचं सारं बळ या गप्प राहण्यात आहे. मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने शाळाशाळांत सखी सावित्री समिती आली, तक्रारपेटी आली. ऑनलाइन त्रास हा त्या समितीचा विषय आहे असं मुलींना नाव घेऊन सांगायला हवं, आणि पालकसभेत बापांना बसवून, सांगणाऱ्या मुलीचा फोन काढायचा नाही, एवढी एकच गोष्ट मनावर घ्यायला लावायला हवी. बाकी सगळ्या उपदेशापेक्षा एवढ्याने जास्त काम होईल.

शाळा आणि शासन स्वतः कसं वागतं, हेही मुलं पाहत असतात. नोव्हेंबर २०१६ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने गळती रोखण्यासाठी आदेश काढला, की शिक्षकांनी मुलांचे दहा-दहाचे गट करून त्यांच्यासोबत सेल्फी काढावा आणि तो ‘सरल’ प्रणालीवर चढवावा. शिक्षकांच्या विरोधाने तो बारगळला, पण विरोधाचं मुख्य कारण कामाचा बोजा आणि नेटवर्क हे होतं. मुलाच्या चेहऱ्यावर हक्क कुणाचा हा मुद्दा कडेलाच राहिला. सवय तशीच राहिली. गणवेश वाटप, पोषण आहार, वृक्षारोपण, प्रत्येक उपक्रमाचा फोटो गटात. मुलाचं नाव, वर्ग, गाव, सगळं खाली लिहिलेलं. पुरावा दिला नाही तर उपक्रम झालाच नाही अशी वरची रीत, शिक्षक तरी काय करणार? आता २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घेताना पालकांच्या पडताळलेल्या संमतीची तरतूद त्यात आहे. ‘अपार’ ओळखक्रमांकासाठी शाळांनी संमतिपत्रं भरून घेतलीच. ते पत्र वर्गात मोठ्याने वाचून, यात आपण कशाला हो म्हणतोय, हे समजावून सांगितलं असतं तर तोच एक उत्तम पाठ झाला असता. बहुतेक ठिकाणी ‘इथे सही करून आण’ एवढंच झालं.

बंदीचा मार्ग सोपा वाटतो म्हणून लोकप्रिय आहे. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्यांना समाजमाध्यमांवर खातं ठेवता येत नाही. आपल्याकडे यवतमाळच्या बान्सी ग्रामपंचायतीने २०२२ मध्येच अठरा वर्षांखालच्यांना मोबाईलबंदीचा ठराव केला. सांगलीच्या मोहित्यांचे वडगावने वेगळी वाट धरली: ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, टीव्ही आणि फोन बंद, साडेआठला पुन्हा भोंगा. नेवासे तालुक्यातल्या सौंदाळ्याने शिव्यांवर दंडासोबत संध्याकाळच्या वेळेत मुलांच्या मोबाईलवर निर्बंध घातला. यांतला वडगावचा भोंगा मला आवडतो, कारण तो आईबापांनाही लागू आहे. बान्सीचा ठराव आपल्या घरांत टिकणारा नाही. बऱ्हाणपूरचा केळीचा भाव, बापाचं आधारचं ओटीपी, ताईचा नर्सिंगचा फॉर्म आणि धाकट्याचा गृहपाठ एकाच फोनवर असतो. त्याला वयाची अट कशी लावणार?

आपल्या देशात या बाबतीत शिकण्यासारखं कुठे असेल तर ते केरळात. कण्णूर जिल्ह्यात २०१८ मध्ये तेव्हाचे जिल्हाधिकारी मीर मोहम्मद अली यांनी ‘सत्यमेव जयते’ नावाने सुमारे दीडशे सरकारी शाळांत खोट्या बातम्या ओळखण्याचे तास सुरू केले. कारण घडलं होतं लसीकरणाचं. गोवर-रुबेलाच्या लसीविरुद्ध व्हॉट्सॲपवरून पसरलेल्या अफवांनी मोहीम अडवली होती. मुलांना तयार उत्तरं न देता मजकूर दिले आणि शोधायला लावलं. पुढे राज्याने हा भाग पाचवी आणि सातवीच्या पुस्तकांत घातला. म्हणजे एका जिल्ह्यात सुरू झालेलं काम राज्यभर गेलं, आणि सुरुवात एका संकटातून झाली. त्याच वर्षी तसंच, किंबहुना त्याहून भीषण, संकट धुळे जिल्ह्यावर आलं होतं. आणि अकराशे शाळांपर्यंत वर्गणी काढून पोचण्याची ताकद या जिल्ह्याने नुकतीच दाखवली होती. तो मुहूर्त हुकला.

केंद्राच्या पातळीवर पुस्तिका पुष्कळ आहेत. गृहखात्याची आहे, सीबीएसईची आहे, एनसीईआरटी आणि युनेस्कोची आहे. जुलै २०२० मध्ये सीबीएसईने तर फेसबुकशी करार करून डिजिटल सुरक्षेचे धडे आणले. मटक्याच्या अड्डेवाल्याने काटकसरीवर व्याख्यान द्यावं, तसा हा प्रकार. या पुस्तिकांची मोठी अडचण भाषेची आहे. आधी इंग्रजी, मग हिंदी, मग सरकारी मराठी. चोपड्याच्या पावरा पाड्यावरच्या किंवा साक्रीच्या कोकणा वस्तीतल्या मुलापर्यंत येईतो त्यातला जीव गेलेला असतो. अफवेला ही अडचण नसते. ती क्लिपेतून येते, आवाजातून येते, बोलीतून येते. आणि आता तर यंत्र कुणाच्याही आवाजात, कुणाच्याही चेहऱ्याने बोलतं. ओठांची हालचाल बघा, बोटं मोजा, या युक्त्या सहा महिन्यांत जुन्या होतात. राजवाड्यांचा प्रश्न, कुठून आलं आणि कुणाच्या हातून आलं, तेवढा टिकतो.

या साऱ्यात फोनला जास्त दोष देण्याचा मोह आवरायला हवा, आणि त्यासाठी जळगाव जिल्ह्यातलीच एक घटना पुरे. २२ जानेवारी २०२५ रोजी पाचोरा तालुक्यात परधाडे स्थानकाजवळ पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची आरोळी उठली. साखळी ओढली गेली, माणसं रुळांवर उतरली आणि समोरून येणाऱ्या कर्नाटक एक्सप्रेसखाली बारा-तेरा जीव गेले. आग नव्हतीच. तिथे ना फॉरवर्ड होतं, ना गट. तोंडातून कानात एवढाच प्रवास. राईनपाड्याला अफवा पिकायला दिवस लागले, परधाड्याला काही मिनिटं पुरली. दोन्हीकडे एकच गोष्ट नव्हती, थांबून विचारण्याची सवय, आणि ही सवय संगणक कक्षात लागत नाही.

ती लागू शकते परिपाठात. जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत प्रार्थनेनंतर दिनविशेष, सुविचार आणि बातम्या होतात. बातम्यांच्या जागी आठवड्यातून एक दिवस गावात फिरणारा एक मजकूर घ्यायचा आणि दोन मुलांनी त्याचा माग काढून पुढच्या आठवड्यात सांगायचं: मूळ कुठे सापडलं, केव्हाचं निघालं, कुणाला विचारलं. सापडलं नाही तर ‘सापडलं नाही’ असं सांगायचं, त्यालाही टाळी. बोली कुठलीही चालेल. लागणारा खर्च शून्य, आणि वीजबिल थकून प्रोजेक्टर बंद पडलेल्या शाळेतही हे चालेल. शिक्षकांची तयारी केंद्रशाळेच्या शिक्षण परिषदेत होऊ शकते, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने चार-पाच नमुने अहिराणी, पावरी आणि कोकणा बोलीत करून दिले तर आणखी बरं. नमुन्यांची वानवा पडणार नाही. शिक्षकांच्या स्वतःच्या गटांत पदोन्नती, पेन्शन आणि सुट्ट्यांबद्दलचे जे बिनतारखेचे, बिनसहीचे ‘शासन निर्णय’ फिरतात, त्यांच्यापासूनच सुरुवात करता येईल.